पेडण्याची रायफल, डिचोलीचा मेस्त

पत्रादेवी ओलांडताना आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हल्ली काही वाटत नाही. बांदा मागे पडले की गाडीचा वेग थोडा कमी करायचा, पोलिसाने हात केला तर थांबायचे, नाहीतर सरळ पुढे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला करनैलसिंग इथेच पडला. त्यांचे स्मारक रस्त्याच्या कडेला आहे आणि बहुतेक गाड्या त्याच्याकडे न बघता पुढे जातात. माणसे जातात, लग्नाची वऱ्हाडे जातात, काजू जातो, मासळी येते. मी स्वतः आजोळी जायचा म्हणून ही रेषा लहानपणापासून इतक्या वेळा ओलांडली आहे, की तिकडे दुसरे राज्य आहे हे फक्त पेट्रोल भरताना आठवते.

एका वस्तूला मात्र ही रेषा अजून पूर्वीसारखीच भिंत आहे. ती वस्तू म्हणजे बंदूक. बंदुकीच्या परवान्यावर तो किती क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. पेडण्यातल्या माझ्या मामांच्या परवान्यावर ते क्षेत्र आहे गोवा राज्य. म्हणजे मामांच्या अंगणातून सावंतवाडी कितीही जवळ असली, तरी रायफल खांद्याला लावून मामा पत्रादेवीच्या अलीकडे चार पावले आले तर तो गुन्हा. सावंतवाडीत लाकडावर हात चालवणारे एकाहून एक कारागीर आहेत, चितारआळीची कीर्ती आपण जगाला सांगतो, पण मामांच्या रायफलीला नवा दस्ता हवा झाला तेव्हा त्या कारागिरांचा काही उपयोग नव्हता. रायफल डिचोलीला न्यावी लागली. त्या दोन दिवसांच्या फिरण्याची ही हकिगत.

मामांचा गाव पेडण्याच्या पूर्व अंगाला, हळर्ण-चांदेलच्या बाजूचा. पेडणे म्हटले की आता लोकांना हरमल-मोरजीचे किनारे आठवतात किंवा मोपाचा विमानतळ आठवतो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचे उद्‌घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात विमाने उतरू लागली. पूर्वेकडचे पेडणे वेगळे आहे. डोंगरउतारावर काजू, खाली माड-पोफळी, मध्ये ओहोळ, शापोरा नदी आणि तिच्या काठावर हळर्णचा पडका किल्ला. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला आणि जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे हळर्णचा मार्किस अशी पदवी मिळाली. लिस्बनच्या सरदाराला आमच्या आजोळच्या शेजारचे नाव! पेडणे महाल मात्र कायमचा पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. तोवर आपण एकाच राज्यातले होतो.

या पट्ट्यात बंदूक ही मिरवायची वस्तू नव्हे, कोयता-पारईसारखी घरातली वस्तू आहे. मात्र ती कुलपात ठेवायची. पूर्वी घरोघर नसली तरी वाड्यागणिक एखादी ठासणीची असायचीच. पुढून दारू भरायची, चिंधी ठासायची आणि माकडांचा कळप माडावर चढला की आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. बाराचा आवाज डोंगराला आपटून परत येई आणि कळप दोन दिवस फिरकत नसे. पुढे काडतुसाच्या बारा बोअर आल्या, खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे आली. पण शेतीसंरक्षणाचे खरे काम आवाजानेच होते, अजूनही होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर परवानगीवाचून रानातले जनावर मारता येत नाही. ते योग्यच आहे असे माझे मत आहे, पण हे मत मी मामींसमोर बोलून दाखवत नाही. ज्या बाईने वर्षभर जपलेले नारळ माकडांनी एका सकाळी खाली टाकलेले पाहिले आहेत, तिच्यापुढे प्राध्यापकाने शांत राहावे. २०१६ मध्ये गोव्यात माकड, रानडुक्कर, गवा आणि चक्क मोर यांना उपद्रवी प्राणी ठरवण्याची भाषा झाली तेव्हा देशभर ओरड झाली होती. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि मोर राष्ट्रीय पक्षी. मामींना त्या ओरडीचे कारण अजून समजलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडचा ओंकार हत्ती सीमा ओलांडून पेडण्यात उतरला, तेव्हा तर कोणाच्या कुठल्याच बंदुकीचा प्रश्न नव्हता. फटाके, ढोल आणि वनखात्याची माणसे यांच्यावर सगळी भिस्त होती.

आता मामांची रायफल या कामाची आहे का? अजिबात नाही. ती आहे पॉइंट टू टू. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, बोल्टवाली, एका वेळी एक गोळी टिपून मारायची. तिचा आवाज म्हणजे वाळकी फांदी मोडावी एवढाच. माकडे ऐकून घेतात आणि पुढचा नारळ तोडतात. मामांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पोर्तुगीज अमदानीत ती हौसेने घेतली. त्या काळी गोव्यात परदेशी माल सहज मिळे. १९६१ नंतर भारतीय कायद्याचा परवाना आला, मग तो मामांच्या नावावर झाला. आजोबा परसातल्या दरडीवर फणसाची पाने खोचून नेम मारत असत असे आई सांगायची. दरडीवर, हे महत्त्वाचे. ही गोळी दिसायला चिमुकली, पण मोकळी सुटली तर दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, म्हणून मागे मातीची भिंत हवीच.

या जातीच्या रायफलीला रिमफायर म्हणतात. आपण सहसा पाहतो त्या मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक टिकली असते, तिच्यावर ठोका बसतो आणि दारू पेटते. रिमफायरला अशी टिकली नसते. बुडाची जी कड असते, तिच्या आतच पेट घेणारे मिश्रण भरलेले असते, आणि ठोका त्या कडेवर कुठेही बसला तरी चालतो. फ्रान्समधल्या फ्लोबेर नावाच्या बंदूकवाल्याने १८४५ च्या सुमारास घरातल्या घरात नेमबाजी करता यावी म्हणून ही कल्पना काढली. आज जगभर चालणारी लांब गोळी अमेरिकेत १८८७ मध्ये आली. धक्का जवळजवळ नाही, आवाज थोडा, काडतूस स्वस्त. म्हणून जगातली बहुतेक माणसे नेमबाजी शिकतात ती हिच्यावर. आपल्या कॉलेजांतल्या एन.सी.सी.च्या मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा येते तीही हीच. मी इतिहास शिकवतो, पण काही वर्षे कॉलेजात एन.सी.सी.चे काम पाहिले असल्याने मामा मला या विषयातला तज्ज्ञ समजतात. मी तो समज मोडलेला नाही.

तर झाले असे. एका निवडणुकीत रायफल जमा करावी लागली. तशी आता सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नसतात. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोव्याच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केले आणि छाननी समितीने बघून ठरवावे असे सांगितले. पण पत्र आले की म्हातारी माणसे वाद घालत नाहीत, नेऊन देतात. परत आली तेव्हा दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाला, मुठीजवळ बोटभर चीर होती. कुठल्या कपाटात कशी उभी होती कोण जाणे. चीर पडलेली रायफल मामांनी तशीच कुलपात ठेवली आणि परवान्याचे नूतनीकरण जवळ आले तेव्हा मला फोन केला. ठेवायची की जमा करून मोकळे व्हायचे, हा प्रश्न होता.

घरात यावर तीन मते होती. मामींचे मत, ही पीडा घरातून जावो. मामांचा मुलगा बोटीवर असतो. त्याचे मत व्हॉट्सअ‍ॅपवर आले, तुम्हाला वाटेल ते करा. तिसरे मत सुनेचे होते आणि ते कोणी विचारलेच नव्हते. ती कॉलेजात असताना एन.सी.सी.त होती, सी सर्टिफिकेट मिळवलेली, फायरिंगमध्ये युनिटच्या संघात खेळलेली. लग्न, मूल, बँकेतली नोकरी यांत ते सगळे मागे पडले. चहा देताना ती सहज म्हणाली, "भावोजी, वारसाच्या नावावर होते ना रायफल? बाबा सत्तरीच्या पुढे आहेत."

होते. २०१६ च्या नियमांत तशी तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षे बाळगलेले असले, की हयातीतच आपल्या वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. मामा एकाहत्तर वर्षांचे. सुनेचे नाव चालते, ही चौकशी तिने आधीच करून ठेवली होती. मामा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कुलूप उघडले, बोल्ट काढून रिकामी असल्याची खात्री केली, मलाही बघायला लावली, आणि रायफल तिच्यापुढे धरली.

तिच्या खांद्याला ती बसेना. आजोबा सहा फूट उंच, हात लांब. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर मी टेपने मोजले तर साडेचौदा इंच भरले. सूनबाई पाच फूट एक इंच. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि बोट चापापर्यंत आरामात पोचते का बघायचे, ही जुनी सोपी चाचणी. तिचे बोट दोन इंच अलीकडेच थांबले. एन.सी.सी.च्या रेंजवर हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सगळ्या रायफली एका मापाच्या आणि मुलेमुली सगळ्या मापांची. बुटकी मुलगी मान ताणून, खांदा पुढे काढून, गाल लाकडावर कसाबसा दाबून पाच गोळ्या मारते, त्या कागदभर पसरतात, आणि आपण तिला म्हणतो, श्वास नीट धर. श्वासाचा दोष नसतो, लाकडाचा असतो. पायात बसणारी चप्पल आपण निवडून घेतो, पण बंदुकीच्या बाबतीत माणसाने स्वतःला कापून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते.

खरे तर दस्ता खांद्याला टेकवायचा, ही गोष्टच आपल्याकडे उशिरा आली. इतिहासाच्या मास्तराला थोडे विषयांतर माफ असावे. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा इथे उत्तम बंदुका करणारे कारागीर होते. १५१३ मध्ये आपल्या राजाला लिहिताना त्याने त्यांची बरोबरी युरोपात नावाजलेल्या बोहेमियाच्या कारागिरांशी केली. पुढे गोव्यात पोर्तुगीज आणि स्थानिक हातांच्या मेळातून तोड्याच्या बंदुकांची एक वेगळी घडण तयार झाली. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर ज्या बंदुका पोचल्या, ज्यांच्यावरून जपान्यांनी आपल्या हजारो बंदुका केल्या, त्या याच पूर्वेकडच्या घडणीच्या होत्या असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांचा दस्ता आखूड असे. तो खांद्याला टेकत नसे. गालाशी धरून बार काढत. आजही जपानी जुन्या बंदुका चित्रात पाहिल्या तर मागचा भाग अर्धवट कापल्यासारखा वाटतो. तो कापलेला नाही, मुळातच तसा आहे. म्हणजे ज्या भूमीतल्या बंदुकीची घडण पाचशे वर्षांपूर्वी जपानपर्यंत गेली, तिथे आज एका दस्त्यासाठी माणूस शोधावा लागतो.

बाहेर हा धंदा मोठा आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये निघालेली रुगर कंपनीची टेन ट्वेंटीटू नावाची रिमफायर घ्या. तिच्यासाठी इतके तयार दस्ते, नळ्या, चाप आणि दुर्बिणी बाजारात आहेत की हौशी माणसे एकेक भाग बदलत जातात आणि शेवटी मूळ कारखान्याचा फक्त मधला ठोकळा उरतो. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेले रंगीत दस्ते, फायबरचे, अ‍ॅल्युमिनियमचे, अंगठा आरपार जाईल अशा भोकाचे. आपल्याकडे ते चित्र नाही. परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात कित्येक दशके बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत मिळते. शिवाय हत्यार कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात, तेव्हा घरबसल्या मागवायची ही वस्तू नव्हे. दुरुस्तीही परवानाधारकाकडेच करायची आणि नळी आखूड करणे तर परवान्यावाचून सरळ गुन्हा आहे. हे सगळे मी मामांना सांगितले, कारण गावात कोणीतरी, आमचा सुतार करील की दीडशे रुपयांत, असे सुचवले होते.

पण मापाच्या दस्त्याने काय होते हे बघायला अमेरिकेला जायला नको, कोल्हापूर पुरे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले, तेव्हा त्याच्या हातात रिमफायरच होती, पॉइंट टू टू. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले तेही हिच्यावर. त्यांच्या रायफली नीट बघा. गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याची मागे-पुढे. गुडघ्यावर बसताना एक माप, पालथे पडताना दुसरे, उभे राहताना तिसरे. आणि दुर्बीण? नाही. या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. छोट्या छिद्रातून बघायचे आणि ५० मीटरवरचा १०.४ मिलिमीटरचा दहाचा ठिपका साधायचा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा नेमबाजीच्या काही स्पर्धा आपल्या पेडण्यात, मांद्र्याला झाल्या. सूनबाई मुलाला कडेवर घेऊन बघायला गेली होती. हे मला त्या दिवशीच कळले. मामांनाही.

दुर्बिणीवरून सासरा-सुनेचे थोडे वाजले. मामांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. "माशी दिसना रे माका आतां. दुर्बीण लायली जाल्यार दिसतली," असे त्यांचे म्हणणे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम. सूनबाईला दुर्बीण नको होती, स्पर्धेत चालत नाही म्हणून. दोघांचेही बरोबर होते. दुर्बिणीत समोरचे चित्र आणि रेघांची फुली एकाच ठिकाणी दिसतात, म्हाताऱ्या डोळ्याला जवळचे-लांबचे एकदम जुळवावे लागत नाही. मात्र तिला स्वतःच्या अटी असतात. मोठ्या रायफलीची दुर्बीण साधारण शंभर यार्डांच्या बेताने जुळवलेली असते, रिमफायरची पन्नासच्या. मोठीची हिच्यावर लावली तर डोळा जरा हलला की फुलीही सरकते आणि नेम चुकतो. शिवाय पन्नास मीटरला जुळवलेली ही गोळी शंभर मीटरवर वीतभर तरी खाली जाते, दुर्बिणीने लांबचे जवळ दिसले म्हणून गोळी लांब जाऊन सरळ लागत नाही. आणि दुर्बीण नळीच्या वर दोन बोटे उंच बसते. डोळा तिथवर न्यायचा तर गाल लाकडावरून उचलावा लागतो, म्हणजे दस्ताही उंच हवा. दुर्बीण आणि दस्ता ही जोडीने करायची खरेदी आहे, हे पुष्कळांना पैसे खर्च झाल्यावर कळते. मामांच्या रायफलीला तर वरच्या अंगाला दुर्बीण बसवायची खाचच नाही. पोलादाला भोके पाडावी लागतील. साठ-सत्तर वर्षे जुन्या, जशाच्या तशा राहिलेल्या लोखंडाला भोक पाडायला माझे मन घेत नव्हते आणि तसे मी बोललो.

दुसऱ्या दिवशी डिचोली. पेडण्याच्या त्या बाजूने दोडामार्गावरून जाणे सोयीचे, पण दोडामार्ग महाराष्ट्रात! बंदूक गाडीत, बंदुकीचा मालक परवाना खिशात घेऊन शेजारी, आणि आम्ही वळसा घालून कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा असे निघालो. मुळगाव ओलांडले की मातीचा रंग बदलतो. डिचोली ही लोखंडाची भूमी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या, आता लिलाव होऊन काही चालू आहेत. ट्रक कमी झाले आणि झाडांची पाने पुन्हा हिरवी दिसू लागली एवढे मला दिसते. ज्यांचे ट्रक उभे राहिले त्यांना आणखी काही दिसत असेल. पण डिचोलीचे हात खाणींपेक्षा जुने आहेत. इथली पितळेची समई, इथल्या कुंभारांची भांडी, इथला मेस्त. आपण सुतार म्हणतो त्याला तिकडे मेस्त म्हणतात आणि त्या शब्दात थोडा मान असतो.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते मेस्त देवळांच्या पालख्या, मखरे आणि घुमटांची दुरुस्ती करणारे. बंदुकीचे काम ते स्वतःच्या पडवीत करत नाहीत. परवाना असलेल्या एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या वहीत नोंद करून करतात. लोखंडाला हात लावायचा तो दुकानदाराने, लाकडाला यांनी. हा नियमही आहे आणि दोघांमधला जुना समजही.

मेस्तांनी आधी रायफलीकडे पाहिलेच नाही. सूनबाईला उभे केले, हात वर करायला लावले, मान वळवायला लावली, दोरीने गळ्यापासून खांद्यापर्यंत मोजले. शिंपी मोजतो तसे. मग जुना दस्ता हातात घेऊन चीर नखाने तपासली. तो अक्रोडाचा. युरोपात दस्त्याला अक्रोडच लागतो, वजनाला बेताचा आणि चिवट. आमच्याकडे काय घ्यावे यावर अर्धा तास चर्चा झाली. शिसव देखणे पण जड, तिचा डावा हात दमेल. सागाला तेल फार आणि धारेला चिरतो. फणस चांगला, पण मेस्तांकडे सुकलेला जाड तुकडा नव्हता. शिवण होती, नऊ वर्षे माळ्यावर पडलेली. शिवण हलकी, आणि पावसाळ्यात फार फुगत नाही, उन्हाळ्यात फार आकसत नाही. मोठ्या रायफलीला ती कमी पडली असती, पण पॉइंट टू टूला धक्काच नाही, तेव्हा ताकद लागते कशाला? शिवण ठरली.

फुगण्या-आकसण्याचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, हे बसवणूक पाहिल्यावर कळले. लाकडात कोरलेल्या खळग्यात लोखंड तंतोतंत बसले पाहिजे, कुठे दाबता कामा नये, कुठे डुगडुगता कामा नये. मेस्तांच्या सांगण्यावरून दुकानदाराने लोखंडाला तेलात कालवलेली काजळी पुसली, खळग्यात अलगद टेकवली आणि उचलली. जिथे काळा डाग उठला तिथे मेस्तांनी पटाशीने केसभर लाकूड खरवडले. पुन्हा काजळी, पुन्हा टेकवणे. मी मोजायला सुरुवात केली आणि तिसाव्या वेळेनंतर सोडून दिले. नळी मात्र लाकडाला कुठेच लागू द्यायची नाही. आपल्याकडचा पाऊस चार महिने लाकडात शिरतो, लाकूड फुगून नळीला एका बाजूने ढकलते आणि मे महिन्यात जुळवलेला नेम जुलैत दोन बोटे बाजूला जातो. तेव्हा मध्ये फट हवी. किती? मेस्तांनी मामांकडे दहा रुपयांची नोट मागितली आणि नळी आणि लाकूड यांच्यामधून ती टोकापासून खळग्यापर्यंत सरकवून दाखवली. जिथे अडली तिथे पेन्सिलीची खूण केली. फायबरच्या दस्त्याला ही कटकट नाही, हे मी बोलून गेलो. मेस्त पटाशीवरून बोट फिरवत म्हणाले, "लाकूड आयकता, पूण ताका वेळ दिवंक जाय."

माप ठरले साडेबारा इंच, आणि वर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या दोन चकत्या, स्क्रूने मागे जोडायच्या. जाड जॅकेट घातले तर काढायच्या, पुढे तिचा मुलगा मोठा झाला आणि त्याच्या नावावर गेली तर लावायच्या. हा शेवटचा मुद्दा मामांचा. गालाची उंची आताच वाढवली नाही. त्याऐवजी चामड्याची गादी, दोरीने आवळायची, नको तेव्हा सोडायची. ती डिचोलीच्या बाजारात एका चांभाराकडून शिवून घेतली. चप्पल सोडून असले काही शिवायचे म्हणून तो खूश झाला आणि पैसे कमी घेतले.

लाकडाला शेवटचा हात कशाचा द्यायचा यावरही बोलणे झाले. मामा म्हणाले, काजूच्या टरफलाचे तेल लावा, वाळवी शिवत नाही. घराच्या वाशांना आपण तेच लावतो. मेस्त पहिल्यांदा हसले आणि सूनबाईला म्हणाले, "गालाक फोड येतले, बाये." ते तेल कातडी जाळते हे खरे. मग जवसाचे ठरले. एक हात, आठवडाभर सुकवणे, बारीक कागदाने घासणे, असे सात-आठ हात.

रायफल आता दुकानदाराच्या कपाटात, वहीत नोंद होऊन, दोन तुकड्यांत आहे. लोखंड एका खणात, शिवणीचा दस्ता वरच्या खणात तेलाने चमकत. सुनेच्या नावाचा अर्ज पेडण्यातून पुढे गेला आहे. पोलीस पडताळणीसाठी एक हवालदार घरी येऊन गेला आणि बंदूक कशाला पाहिजे असे त्याने मामींना विचारले. मामी म्हणाल्या, सुनेला विचारा. परवाना मिळाला तर तो पाच वर्षांसाठी असेल. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची पाच वर्षे झाली आहेत. तो येईपर्यंत ती रेंजवर तिथल्याच रायफलीने सराव करणार आहे, शनिवारी बँकेला सुट्टी असली की.

जुना अक्रोडाचा दस्ता मामांनी परत मागून घेतला. दुकानदाराने तशी पावती दिली. निघताना मामांनी मेस्तांना दुर्बिणीचे पुन्हा विचारलेच. मेस्त म्हणाले, एक पावसाळा जाऊ दे, नोट कुठे अडते ते बघू, मग बोलू. मामांनी खिशातली डायरी काढली आणि नवरात्रानंतरची तारीख लिहून घेतली.